तेच सत्तावीस गोल

फुटबॉलचा हंगाम सुरू होऊन तीन-चार सामने झाले नाहीत, तोच निकाल लावून मोकळे होण्याची घाई सगळ्यांना होते. दोन सामने जिंकले की ‘यंदा करंडक आपलाच’, दोन हरले की ‘प्रशिक्षकाला विमानात बसवा’. दिल्लीकर याला अपवाद नाहीत. उलट, दिल्लीत मत द्यायला सामना पाहिलेला असावा लागतो असेही नाही! या गडबडीत क्रीडापानाच्या कोपऱ्यातला तो लहानसा तक्ता मात्र कुणी धड वाचत नाही. सामने, विजय, बरोबरी, पराभव, मग केलेले गोल, खाल्लेले गोल आणि शेवटी गुण. विजयाला तीन, बरोबरीला एक. बहुतेकांची नजर थेट शेवटच्या रकान्यावर जाते. खरी गंमत मधल्या दोन रकान्यांत असते. घरखर्चाची वही लिहिणाऱ्याला ते समजावून सांगायला नको. एका बाजूला आवक, दुसऱ्या बाजूला जावक.

दिल्लीच्या व्यावसायिक फुटबॉल संघाची अशी पाच हंगामांची वही उपलब्ध आहे. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात दिल्ली डायनामोज हा संघ राजधानीच्या नावाने उतरला. २०१९ पर्यंत तो जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर खेळला. या पाच वर्षांतले दोन हंगाम शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. २०१६ मध्ये दिल्लीने साखळीत २७ गोल केले आणि संघ आठांत तिसरा आला. २०१७-१८ मध्येही दिल्लीने नेमके २७ गोलच केले आणि संघ दहांत आठवा आला. दुसऱ्या वेळी सामने चौदाऐवजी अठरा होते हे खरे, पण घसरगुंडीचे कारण तेवढेच नव्हते. कारण शेजारच्या रकान्यात होते. पहिल्या वेळी खाल्लेले गोल १७, दुसऱ्या वेळी ३७.

ही जुनी वही आता उघडण्याचे निमित्त असे, की २०२५ मध्ये हैदराबादचा संघ उठून दिल्लीला आला आणि ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ या नावाने उभा राहिला. गुरुग्राम, नोएडा, गाझियाबादपासून करोल बागेपर्यंतच्या घरांतल्या मुलांना पुन्हा ‘आपला’ म्हणण्यासारखा संघ मिळाला. या मुलांना पहिल्या चार सामन्यांत नेमके काय पाहायचे हे कळले, तर बराचसा मनस्ताप वाचेल. त्यासाठी आधीच्या संघाच्या सुरुवाती कशा झाल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, हे पाहायला हवे.

आरंभ २०१४ चा. आठ संघ, प्रत्येकाशी दोनदा लढत, म्हणजे चौदा सामने आणि वरचे चार संघ उपांत्य फेरीत. सगळा कारभार ऑक्टोबर ते डिसेंबर या अडीच महिन्यांत उरकायचा. युरोपातल्या नऊ-नऊ महिन्यांच्या साखळीत पहिले चार सामने म्हणजे नुसती तोंडओळख असते. इथे तेच चार सामने पाव हंगामाहून जास्त होत होते. तेव्हा ‘सुरुवात आहे, सावरतील’ हे वाक्य इथे फार जपून वापरायला हवे होते.

दिल्लीचा पहिला सामना १४ ऑक्टोबर २०१४ रोजी घरच्या मैदानावर होता आणि समोर होता एफसी पुणे सिटी. दिल्लीकडे इटलीचा अलेसांद्रो डेल पिएरो, पुण्याकडे फ्रान्सचा डेव्हिड त्रेझेगे. युव्हेंटसच्या आघाडीत वर्षानुवर्षे एकत्र खेळलेले आणि २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एकमेकांविरुद्ध उतरलेले हे दोघे. जाहिरातीला याहून चांगला मालमसाला कुठला? सामना मात्र ०-० असा सुटला. लोक हिरमुसले. पुढे कोलकात्यात अ‍ॅटलेटिको दि कोलकाताशी १-१ अशी बरोबरी झाली, आणि तिसऱ्या सामन्यात घरी चेन्नईयनला ४-१ असे धुतले. तीन सामन्यांत पाच गोल केले, दोन खाल्ले, एकही पराभव नाही. हे पाहून कुणालाही वाटावे, की गाडी रुळावर आली.

आता हिशेब करून पाहा. अख्ख्या साखळीत दिल्लीने केलेले गोल १६. त्यांतले चार त्या एका सामन्यातले. म्हणजे उरलेल्या तेरा सामन्यांत बारा गोल, सामन्याला एकसुद्धा पडत नाही. डेल पिएरोचे वय तेव्हा चाळिशीला टेकले होते. दहा सामन्यांत त्याच्या नावावर एक गोल लागला. नाव मोठे असले तरी नव्वद मिनिटे पायांनीच धावायचे असते. बचाव मात्र चोख होता. चौदा सामन्यांत खाल्लेले गोल १४. हार्म व्हान वेल्डहोव्हन या प्रशिक्षकाने मागची बाजू नीट बांधली होती, पुढे गोल करणारे हात, नव्हे पाय, कमी पडत होते. सहा बरोबऱ्या झाल्या. अखेर दिल्ली १८ गुणांवर पाचवी आली आणि चौथ्या क्रमांकाच्या केरळ ब्लास्टर्सचे गुण होते १९.

तो एक गुण! पहिल्या दिवशीचा पुण्याविरुद्धचा तो कंटाळवाणा ०-० एका गोलाने जरी जिंकला असता, तरी दिल्ली २० गुणांवर जाऊन उपांत्य फेरीत पोहोचली असती. आणि केरळने, म्हणजे आपल्या सचिन तेंडुलकरने ज्यात भागीदारी घेतली होती त्या संघाने, चौदा सामन्यांत किती गोल केले होते? फक्त नऊ. दिल्लीपेक्षा सात कमी. पण खाल्ले होते अकरा, आणि जे नऊ केले ते नेमक्या वेळी केले. तोच संघ पुढे नवी मुंबईतल्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिथे कोलकात्याकडून अगदी शेवटच्या क्षणी एका गोलाने हरला.

दुसऱ्या वर्षी संघाला गडगंज नावाचा खेळाडू-प्रशिक्षक मिळाला, ब्राझीलचा रॉबर्टो कार्लोस. जोडीला फ्रान्सचा फ्लोराँ मालुदा आणि नॉर्वेचा जॉन आर्ने रिसे. या हंगामाबद्दल थोडक्यातच सांगता येते, कारण त्याची पहिली आणि शेवटची ओळ जवळजवळ सारखी आहे. सलामी गोव्यात फातोर्ड्याला, ०-२ असा पराभव. मधल्या काळात संघाने चिवटपणे गुण जमवले, सहा सामने जिंकले आणि चौथा क्रमांक मिळवला. उपांत्य फेरीत गाठ पुन्हा गोव्याशीच पडली. दिल्लीतला पहिला सामना नोएडाच्या रॉबिन सिंगच्या गोलावर १-० असा जिंकला. परतीचा सामना फातोर्ड्याला झाला, ०-३. ऑक्टोबरमध्ये जी भेग दिसली होती ती डिसेंबरमध्येही तिथेच होती. त्या वर्षी दिल्लीने १८ गोल करून २० खाल्ले होते. गुण मात्र २२, आणि तेवढेच गुण चेन्नईयनचेही. फरक असा, की चेन्नईयनचे गोल २५ आणि खाल्लेले १५. करंडक चेन्नईयननेच नेला. शेवटच्या रकान्यात दोघे सारखे दिसत होते, मधले रकाने वाचणाऱ्याला ते सारखे वाटले नसते.

मग आला २०१६ चा हंगाम, दिल्लीच्या फुटबॉलप्रेमींनी अजून ज्याची आठवण काढावी असा. प्रशिक्षक जियानलुका झांब्रोटा. हाही २००६ च्या त्याच अंतिम सामन्यातला, इटलीच्या बाजूने. आणि संघातला मालुदा फ्रान्सच्या बाजूने. (दिल्लीच्या संघचालकांना त्या एका सामन्याचे फारच वेड होते, असे म्हणायला हरकत नाही.) सलामीलाच गतविजेत्या चेन्नईयनला त्यांच्याच घरी ३-१ असे हरवले. ब्राझीलच्या मार्सेलिन्होने त्यात दोन गोल केले. त्या हंगामात त्याने एकूण १० गोल करून स्पर्धेचा सुवर्णबूट पटकावला.

पण या संघाची खरी ताकद नुसत्या मार्सेलिन्होत नव्हती. मालुदा मधल्या फळीत उभा राहून चेंडू पोहोचवी, गॅडझे आणि बाजी धावत सुटत, आणि मागे अनस एडथोडिकासारखा केरळी बचावपटू पहाऱ्याला असे. चेंडू हिसकावला, की दोन-तीन पासांत पलीकडच्या गोलापाशी. नोव्हेंबरच्या अखेरीस गोव्याला दिल्लीत ५-१ असे लोळवले, तेव्हा आधीच्या वर्षीच्या फातोर्ड्याची सव्याज परतफेड झाली. २७ गोल हा त्या वर्षीचा साखळीतला सर्वाधिक आकडा. केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतला फरकही सर्वांत मोठा, अधिक दहा.

तरी दिल्ली तिसरी. पहिली आली मुंबई सिटी. मुंबईचे गोल होते फक्त १६, दिल्लीपेक्षा तब्बल अकरा कमी. पण खाल्ले होते चौदा सामन्यांत आठ! याचे गणित साधे आहे. एकाच सामन्यात पाच गोल केले तरी पदरात तीनच गुण पडतात आणि १-० ने जिंकले तरी तीनच. दिल्लीचे गोल ढिगाने यायचे आणि मग एखाद्या सामन्यात आटायचे. सहा बरोबऱ्या त्यातूनच आल्या. मुंबई आपले रोज थोडे थोडे शिल्लक टाकत गेली.

उपांत्य फेरीत समोर केरळ. प्रशिक्षक इंग्लंडचा स्टीव्ह कॉपेल, अतिशय काटकसरी माणूस. खर्चात नव्हे, खेळात. त्याच्या संघाने साखळीत १३ गोल केले होते आणि १५ खाल्ले होते, तरी क्रमांक दुसरा. कोचीत केरळ १-० ने जिंकले. १४ डिसेंबर २०१६ रोजी दिल्लीत परतीचा सामना झाला. पूर्वार्धातच मिलन सिंगला लाल कार्ड मिळाले आणि दिल्लीचे दहाच खेळाडू उरले. दहा जणांनिशी दिल्ली २-१ अशी जिंकली, एकूण गोल २-२ झाले, जादा वेळही तसाच गेला आणि प्रकरण पेनल्टीवर आले. साखळीत सर्वाधिक गोल करणाऱ्या या संघाला त्या संध्याकाळी बारा यार्डांवरून एकही गोल करता आला नाही. ०-३. स्टेडियममधल्या लोकांना घरी जायला पाऊल उचलवेना.

पुढच्या वर्षी घडले ते समजून घ्यायचे, तर मधल्या उन्हाळ्यात डोकवायला हवे. आयएसएलचे नियम बदलले. संघ दहा झाले, सामने अठरा झाले. मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालत ते पाच झाले, म्हणजे अकरांत किमान सहा भारतीय हवेत. हा बदल वाचायला किरकोळ वाटतो, पण त्याने प्रत्येक संघाची मांडणी उसकटली. बहुतेक संघ परदेशी खेळाडू पाठीच्या कण्यात ठेवतात: एक मध्यबचावपटू, एक मधला, एक आघाडीवीर. एक जागा कमी झाली, की कण्याचा एक मणका भारतीय खेळाडूने भरायचा. ज्यांच्याकडे तसा खेळाडू होता ते तरले. दिल्लीकडचा तसा खेळाडू म्हणजे अनस, आणि खेळाडू-निवडीच्या त्या वर्षीच्या फेरीत नव्या जमशेदपूर संघाने पहिलीच पसंती म्हणून त्यालाच उचलले. तिकडे मार्सेलिन्हो पुण्याला गेला. झांब्रोटा गेला, मालुदा गेला. आवक आणणारा आणि जावक रोखणारा असे दोघेही एकदम घराबाहेर पडले!

नवे प्रशिक्षक स्पेनचे मिगेल एंजल पोर्तुगाल. (आडनाव पोर्तुगाल, देश स्पेन.) सलामी २२ नोव्हेंबर २०१७ रोजी पुण्यात, बालेवाडीला. उत्तरार्धात वीसेक मिनिटांत दिल्लीने तीन गोल केले. त्यांतला एक लालियानझुआला छांगटे या वीस वर्षांच्या मिझो पोराचा. हाच छांगटे पुढे मुंबई सिटीकडून आणि भारताकडून खेळताना घराघरांत माहीत झाला. अंतिम निकाल ३-२, दिल्लीचा विजय. घरचा संघ, त्यात मार्सेलिन्हो, आणि दिल्लीने त्यांना त्यांच्याच अंगणात हरवले. यापेक्षा चांगली सुरुवात कोणती?

इथेच थांबून पाहायला हवे. ३-० अशी आघाडी असताना पुण्याने दोन गोल फेडले. एक लगेच दोन-तीन मिनिटांत, दुसरा भरपाईच्या वेळेत. आघाडी मिळाल्यावर लगोलग खाल्लेला गोल म्हणजे संघ आनंदात पांगलेला असल्याची खूण. आणि शेवटच्या मिनिटाला खाल्लेला गोल म्हणजे पाय किंवा डोके थकल्याची. तीन गुण मिळाल्यामुळे या दोन्ही खुणा झाकल्या गेल्या. ०-० ने निराश होणारे लोक ३-२ ने हुरळून जातात, ते याचमुळे.

चार दिवसांनी बेंगळुरूमध्ये १-४. मग घरी नॉर्थईस्टविरुद्ध ०-२. घरीच जमशेदपूरविरुद्ध ०-१. मग गोव्याविरुद्ध १-५. या चार सामन्यांत केलेले गोल दोन, खाल्लेले बारा. त्यानंतरही दोन पराभव, म्हणजे ओळीने सहा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीची हवा अशी होती, की कोटलावर श्रीलंकेचे क्रिकेटपटू तोंडाला मास्क बांधून क्षेत्ररक्षण करत होते. घरचे ते दोन सामने त्याच आठवड्यातले. पण हवा दोन्ही संघांना सारखीच होती, तिच्यावर सगळे ढकलता येत नाही.

दोष मांडणीत होता. पोर्तुगाल यांना चेंडू मागून पुढे छोट्या पासांनी न्यायचा होता. गोलरक्षकाने लांब भिरकावायचा नाही, बचावपटूंनी एकमेकांना देत देत वर यायचे. ही पद्धत डोळ्यांना छान दिसते. ती चालवायला मागच्या चौघांचे पाय सराईत हवेत आणि मधल्या फळीत चेंडू गमावणार नाही असा एक तरी माणूस हवा. कबड्डीत चढाई करणारा कितीही आत गेला तरी मागे बाकीचे अंगण राखून असतात. फुटबॉलमध्ये दोन्ही बगलांचे बचावपटू चढाईला गेले, की मागे उरतात दोन मध्यबचावपटू आणि गोलरक्षक. त्या क्षणी मधल्या फळीत चेंडू हिसकावला गेला, तर समोरच्यांना मोकळे रान. अशा वेळी बचावफळीला नावे ठेवली जातात, पण चूक पंचवीस यार्ड पुढे झालेली असते. आदल्या वर्षी त्या जागी मालुदा होता. तो चाळीस यार्ड धावत नसे, पण चेंडूही घालवत नसे.

आणि जमशेदपूर? तिथे आता कॉपेल प्रशिक्षक होता. त्याच्या संघाने अठरा सामन्यांत फक्त १६ गोल केले, दिल्लीपेक्षा अकरा कमी. खाल्ले १८, दिल्लीच्या निम्म्याहूनही कमी. गुण जमशेदपूरचे २६, दिल्लीचे १९. हे सगळे एका अनसमुळे झाले असे म्हणणे अतिरेक होईल. पण कॉपेलने पहिली पसंती बचावपटूला दिली, यातच त्या माणसाचे गणित कळते.

दिल्लीच्या मालकांनी एक गोष्ट मात्र केली, जी सहा पराभवांनंतर फारसे कुणी करत नाही. प्रशिक्षकाला हंगाम संपेपर्यंत ठेवले. पहिल्या सात सामन्यांत ३ गुण मिळवणाऱ्या या संघाने उरलेल्या अकरांत १६ मिळवले. चार विजय, चार बरोबऱ्या, तीन पराभव. पोरे शिकली, पास जुळू लागले. तोवर वरचे चार संघ मात्र फार पुढे निघून गेले होते. चौथ्या क्रमांकावर पुणे होते, ३० गुणांवर, आणि त्यात मार्सेलिन्होचाही वाटा होता.

२०१८-१९ ला आणखी एक स्पॅनिश प्रशिक्षक, जोसेप गोंबाऊ. सलामी पुन्हा पुण्याशीच, ३ ऑक्टोबरला दिल्लीत. राणा घरामी या बंगाली बचावपटूने लांबून झणझणीत फटका मारून दिल्लीला आघाडी दिली. ती सामना संपायला दोन-तीन मिनिटे असेपर्यंत टिकली आणि दिएगो कार्लोसने पुण्याला बरोबरी साधून दिली. १-१. आदल्या वर्षी ३-२ च्या आत जो रोग लपला होता तो या वेळी पहिल्याच दिवशी उघडा पडला. पहिला विजय मिळायला डिसेंबर उजाडला! खेळ वाईट नव्हता, उलट चेंडू बहुतेक वेळ दिल्लीकडेच असे. अठरांपैकी आठ सामने हरूनही केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांत फरक पडला तो अवघा चारचा, २३ आणि २७. म्हणजे हारही थोडक्यातच झाली. त्याच हंगामात नॉर्थईस्ट युनायटेडने दिल्लीपेक्षा एक गोल कमी केला होता, २२. त्यांनी खाल्ले १८, आणि ते चौथे आले, २९ गुणांनी. दिल्ली आठवी, १८ गुणांनी. नऊ गोल जास्त खाल्ले त्याची किंमत अकरा गुण.

जिंकणारा संघ बघायला लोक येतात, हरणारा संघ बघायला ते साठ हजारांच्या स्टेडियममध्ये येत नाहीत. शिवाय या स्टेडियममध्ये प्रेक्षक आणि मैदान यांच्या मधोमध धावपट्टी आहे, त्यामुळे चार-पाच हजार लोक आले तरी ते रिकामेच भासते. आंबेडकर स्टेडियममध्ये ड्युरँड करंडकाचे सामने मैदानाला खेटून पाहिलेल्या जुन्या दिल्लीकरांना तर हा दुरावा फारच खुपे. ऑगस्ट २०१९ मध्ये दिल्ली डायनामोजने गाशा गुंडाळला. संघ भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. त्याच ऑगस्टमध्ये एफसी पुणे सिटीही बंद पडला आणि साखळीतली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. १४ ऑक्टोबर २०१४ ला ०-० खेळलेले दोन्ही संघ एकाच महिन्यात नाहीसे झाले.

मधली काही वर्षे राजधानीत आयएसएलचा सामनाच होत नव्हता. मग २०२३ पासून पंजाब एफसीने नेहरू स्टेडियम आपले घरचे मैदान केले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये या पंजाबने काय सुरुवात केली! कोचीत केरळला २-१, मग दिल्लीत ओडिशाला २-१, मग दिल्लीतच हैदराबादला २-०. तीन सामने, नऊ गुण, सहा गोल केले, दोन खाल्ले. पण पहिल्याच सामन्यात त्यांचा कप्तान आणि मुख्य गोलकर्ता लुका मायचेन याचा जबडा एका धडकेत मोडला होता आणि तो काही आठवडे बाहेर बसला. हंगाम संपला तेव्हा पंजाब तेरांत दहावा होता. उरलेल्या एकवीस सामन्यांत १९ गुण, २८ गोल केले, ३६ खाल्ले. सामन्याला दोन गोल करण्याचा आणि एकाहून कमी खाण्याचा वेग साखळीभर टिकत नसतो. तो टिकेल असे मानून चालणाऱ्यांची निराशा ठरलेली.

मग सुरुवातीच्या सामन्यांत बघायचे काय? गोल किती झाले यापेक्षा ते किती जणांनी केले, हे आधी बघावे. एकाच्याच नावावर असतील तर तो जखमी झाला किंवा दुसऱ्या संघात गेला की विहीर आटली. गोल खाल्ले ते कोणत्या मिनिटाला, हे घड्याळाकडे पाहून टिपावे. शेवटच्या दहा मिनिटांत दोन-तीन वेळा झाले तर तो योगायोग नव्हे. चेंडू कुठे गमावला जातो हे टीव्हीवर पुनर्दर्शन दाखवतात तेव्हा कळते. गोलापासून मागे मागे जात पाहिले, की चूक करणारा सापडतो आणि तो बहुधा बचावपटू नसतो. समोर कोण होते आणि मैदान कुणाचे होते, याचाही विसर पडू नये. गतविजेत्याला त्याच्या घरी ३-१ हरवणे आणि घरी बसून कमकुवत संघावर चार गोल चढवणे, यांचे गुण तेवढेच, मोल वेगळे. आणि एकही गोल न खाल्लेले सामने मोजावेत. डिसेंबरात तो आकडा फार बोलका ठरतो.

राहिला दिल्लीचा आताचा संघ. त्याची वंशावळ काढली तर ती बालेवाडीला जाऊन पोहोचते. पुण्याची जागा हैदराबादने घेतली, हैदराबादने २०२१-२२ चे विजेतेपदही मिळवले, पुढे पैशाच्या अडचणींत संघ विस्कटला आणि २०२५ मध्ये तो दिल्लीला आला. २०२४ च्या त्या सप्टेंबरात नेहरू स्टेडियमवर पंजाबने पाच दिवसांच्या अंतराने हरवलेले दोन संघ म्हणजे दिल्लीचा जुना संघ आणि दिल्लीचा होऊ घातलेला संघ! तेव्हा हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. हैदराबाद म्हणून खेळलेल्या त्या शेवटच्या हंगामात संघाचा हिशेब असा होता: सामने २४, गुण १८, केलेले गोल २२, खाल्लेले ४७. दिल्लीच्या वाट्याला आलेल्या वहीचे मागचे पान ते आहे.